पोलिसांच्या बैठकीला जाताना

गणपतीच्या महिनाभर आधी पोलीस ठाण्यातून मंडळाला निरोप येतो : शांतता समितीची बैठक आहे, अध्यक्षांना पाठवा. अध्यक्ष जातात. नगरसेवक बोलतात, माजी नगरसेवकही बोलतात, वरिष्ठ निरीक्षक सूचना वाचून दाखवतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो आणि तो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. बैठक संपली. चौकात ज्या वळणावर दरवर्षी दोन मिरवणुका समोरासमोर येतात, त्या वळणाचं नाव तिथे कुणी काढलेलंच नसतं.

शांतता समिती, मोहल्ला समिती, महिला दक्षता समिती, ज्येष्ठ नागरिकांचे मेळावे, शाळेत येणारे ‘पोलीस काका’ आणि ‘पोलीस दीदी’, गावातलं ग्राम सुरक्षा दल : पोलिसांनी लोकांपर्यंत येण्याचे मार्ग महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यातले बरेच उपक्रम साहेब बदलले की मंदावतात, हेही खरं. पण बैठकीचं वांझपण सगळं पोलिसांच्या माथी मारता येत नाही. आपण तिथे रिकाम्या हातांनी जातो, ठरलेलं बोलतो आणि पुढच्या सणापर्यंत ठाण्याकडे फिरकत नाही. आपल्या बाजूचा तेवढा भाग कसा सुधारायचा, ते इथे पाहू.

आधी भिवंडीबद्दल. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिलेलं हे यंत्रमागांचं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यात, आणि भर पुढाऱ्यांवर नव्हे तर त्या गल्लीत राहणाऱ्या साध्या माणसांवर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलींमध्ये सुमारे नऊशे माणसं मेली, तेव्हा अवघ्या काही मैलांवरची भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तकच लिहिलं. मुंबईनेही नंतर हा धडा उचलला. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने शहरात मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

भिवंडीचं मर्म मला असं दिसतं : समित्या तणावाच्या दिवशी जमल्या नाहीत, त्या आधीपासून जमत होत्या. अफवा उठली की कुणाला विचारायचं आणि कुणाचं ऐकायचं, हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक होतं. अनोळखी माणसाने केलेलं शांततेचं आवाहन आणि रोज दिसणाऱ्या हवालदाराने सांगितलेलं ‘तिकडे काही झालेलं नाही, मी आत्ता तिथूनच आलो’, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणून पहिलं काम ओळखीचं. आणि ओळख साहेबांशीच असावी हा हट्ट सोडा. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. प्रत्येक ठाण्याची हद्द बीटांमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला अंमलदार नेमलेला असतो. तुमची इमारत, चाळ किंवा वाडी कोणत्या बीटमध्ये येते आणि सध्या बीट अंमलदार कोण, हे ठाण्यात जाऊन सरळ विचारता येतं. त्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही. दुसरा माणूस गोपनीय शाखेचा. नावावरून वाटतं तेवढं गूढ काही नसतं, सण-समारंभ, मोर्चे, समित्यांच्या याद्या आणि बैठका यांची जुळवाजुळव बहुधा याच शाखेकडे असते. समितीत तुमच्या गल्लीचं कुणीच नसेल तर तिथे बोला. गावात राहत असाल तर पोलीस पाटील आहेच. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा माणूस गाव आणि ठाणं यांतला अधिकृत दुवा आहे, नुसता मानकरी नव्हे.

दिवसा ठाण्यात गेलात तर समोर ठाणे अंमलदार असेल. त्याच्यापुढे तक्रारदारांची रांग असते, तेव्हा ओळख करून घ्यायला गर्दीच्या वेळी जाऊ नका.

आता बैठकीचं. ‘आमच्या भागात गर्दुल्ल्यांचा फार त्रास आहे, गस्त वाढवा,’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं. साहेब मान डोलावतात, लेखनिक ते टिपून घेतो आणि पुढे त्याचं काहीच होत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. हीच गोष्ट अशी सांगून पाहा : शाळेच्या मागच्या भिंतीलगत बंद पडलेला दुधाचा बूथ आहे, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दहानंतर तिथे सात-आठ जण बसतात, क्लासवरून सुटलेल्या मुली त्याच वाटेने येतात, तिथला पथदिवा दोन महिने बंद आहे. जागा, वार, वेळ, कुणाला त्रास आणि कशामुळे सोपं जातं, एवढं कळलं की गस्तीवरच्या बीट मार्शलला कोणत्या रात्री कुठे थांबायचं ते ठरवता येतं. शिवाय यातलं निम्मं काम पोलिसांचं नाहीच, हेही लगेच दिसतं. दिवा लावायचा महापालिकेने, बूथ हटवायचा महापालिकेने. मग पत्र प्रभाग कार्यालयाला आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला.

हे सगळं एका पानावर लिहून न्या. दोन प्रती करा, एक ठाण्याच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच घेतली म्हणून कुणी नाराज होईल ही भीती अनाठायी आहे. सरकारी कचेरीत कागदाला कागदच ओळखतो. साहेबांची बदली झाली तरी आवक क्रमांक राहतो, आणि नव्या साहेबांपुढे तुम्हाला पहिल्यापासून रडगाणं गावं लागत नाही. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याच कागदाबद्दल विचारा. फरक पडला असेल तर तसंही सांगा. पोलिसांना ‘काम झालं’ हे वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं, आणि ते सांगणाऱ्याचा पुढचा कागद जरा लक्ष देऊन वाचला जातो.

गणेश मंडळांसाठी याच पद्धतीचा वेगळा उपयोग आहे. मिरवणुकीचा मार्ग, अरुंद वळणं, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं, लोंबत्या तारा आणि स्वयंसेवकांचे प्रमुख यांचा साधा हाताने काढलेला नकाशा बैठकीला न्या, शेजारच्या मंडळाशी वेळ आधीच ठरवून घ्या आणि ती वेळ पोलिसांसमोर दोघांनी मिळून सांगा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, मोजक्या जाहीर झालेल्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. यात ठाण्याच्या साहेबांना सूट देण्याचा अधिकार नाही, तेव्हा त्यांच्याशी घासाघीस करून बैठकीचा वेळ घालवू नका. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. ती जवळ असली की वर्गणीवरून होणारी अर्धी भांडणं टळतात.

काय बोलू नये, हेही सांगायला हवं. ‘त्या वस्तीतली पोरं’ हा शब्दप्रयोग बैठकीत आला की समजावं, बैठक घसरली. तक्रार कृत्याची असावी, वस्तीची नाही. महाराष्ट्रात हे जास्त जपून पाळायला हवं, कारण इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी पालावरचा संशय गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. ज्या गावात ग्राम सुरक्षा दल आहे, रात्रीची गस्त आहे, त्या गावाने हे नाव विसरू नये. अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलाला सांगा, फार तर त्याला बसवून पाणी द्या. चौकशी पोलीस करतील. आणि फोनवर आलेला ‘टोळी फिरतेय’ असा संदेश ठाण्यातून खातरजमा केल्याशिवाय पुढे ढकलू नका. बीट अंमलदाराचा नंबर अशाच वेळी कामाला येतो.

बैठकीत तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. हा घोटाळा फार होतो. मंगळसूत्र हिसकावलं, मारहाण झाली, फसवणूक झाली, असं काही घडलं असेल तर बैठकीची वाट न पाहता ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, मागून घ्या. तीन वर्षं किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने पोलिसांना चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते, तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं तर कोणत्या तारखेपासून, एवढं विचारून ठेवा. अदखलपात्र बाब असेल तर तिची एनसी होते. तिचाही क्रमांक घ्यावा.

घरातल्या हिंसाचाराचं किंवा मुलीच्या छळाचं प्रकरण तर बैठकीत काढूच नये. तिथे सगळी गल्ली बसलेली असते. त्यासाठी महिला पोलीस अधिकाऱ्याला वेगळं भेटा, किंवा शहरात पोलिसांचा भरोसा सेल असेल तर तिथे जा. १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधावरची, वाटेवरची, भावकीतली कितीतरी भांडणं कोर्टाची पायरी न चढता मिटली. मोहीम चांगलीच होती. पण बलात्कार, विनयभंग, जातीवरून अत्याचार हे ‘तंटे’ नव्हेत. गावाची अब्रू म्हणून ते समितीत मिटवायला कुणी बसवलं, तर उठून यावं.

शाळांबद्दल थोडंसं. पोलीस दीदी किंवा पोलीस काका शाळेत येणार असतील तर शिक्षक-पालकांनी कार्यक्रम भाषणापुरता ठेवू नये. मुलांना चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न लिहायला सांगा, चिठ्ठ्या आधी गोळा करा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती कुणालाही मिळाली, तर ती पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल ही सबब तिथे चालत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असंही हाच कायदा म्हणतो. पालकांची निम्मी भीती ‘पोराला ठाण्यात बसवतील’ ही असते, तेव्हा शाळेने हे त्यांना आधीच सांगून ठेवावं.

सगळ्यात जास्त उपयोग ज्येष्ठांना आहे, आणि नेमकं त्यांनाच हे कमी माहीत असतं. मुलं गावाबाहेर नाहीतर देशाबाहेर, घरात दोघंच किंवा एकटं, अशी घरं आता तालुक्याच्या गावीही झाली आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली झालेल्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवायची असते आणि पोलीस प्रतिनिधीने, शक्यतो सामाजिक कार्यकर्त्याला सोबत घेऊन, महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जायचं असतं. महिन्याला फेरी सगळीकडे होते असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण यादीत नाव नसेल तर ती होण्याचा प्रश्नच नाही. ज्येष्ठ नागरिक संघाने हे काम अंगावर घ्यावं : सभासदांपैकी कोण एकटं राहतं, शेजारी चावी कुणाकडे असते, डॉक्टर कोण, मुलाचा फोन कोणता, एवढी माहिती एकत्र करून ठाण्यात नोंदवावी. बँक खातं, दागिने, लॉकर यांचा उल्लेख अशा अर्जात कुठेही नको, कुणी मागितला तरी नको. मुलं परदेशात असतील तर त्यांनीही आई-बाबांच्या ठाण्याचा आणि दोन शेजाऱ्यांचा नंबर आपल्याकडे ठेवावा. ११२ हा क्रमांक न्यू जर्सीतून फिरवला तर तुमच्या कोथरूडमधल्या घरी कुणी येणार नाही.

आणि दारात आलेला माणूस खरंच पोलीस आहे का? ओळखपत्र मागा, नाव वाचा, ठाण्यात फोन करून विचारा, तोवर दाराची साखळी काढू नका. खऱ्या पोलिसाला याचा राग येत नाही, आला तर येऊ द्या. कारण तोतया पोलिसांचा धंदा आपल्याकडे जुना आहे. सकाळी फिरायला निघालेल्या आजींना दोघे जण गाठतात, ‘मावशी, पुढे चोरी झालीय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा,’ म्हणतात, आणि घरी येऊन गाठ सोडली की आत खडे निघतात. या प्रकाराची नवी आवृत्ती व्हिडिओ कॉलवर आली आहे, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची. समोर गणवेश, मागे ठाण्यासारखं दिसणारं दृश्य, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याची थाप आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही अशी ताकीद. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस दागिने काढायला सांगत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ भरायलाही सांगत नाहीत. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. साक्षीदार म्हणून माहितीसाठी बोलावलं तर साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायची सक्ती करता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावण्याजोगं आहे.

तरुणांना ‘पोलीस मित्र’ व्हायला आवडतं. जरूर व्हा. बंदोबस्तात गर्दी वळवा, विसर्जन घाटावर उभे राहा, हरवलेल्या मुलाला आई-बापांपर्यंत पोचवा. पण गळ्यातलं कार्ड म्हणजे अधिकार नव्हे. कुणाची झडती घेणं, ओळखपत्र मागणं, बागेत बसलेल्या जोडप्यांना हटकणं, काठी उगारणं, यातलं काहीही पोलीस मित्राला करता येत नाही. तामिळनाडूत ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही योजना कित्येक वर्षं नावाजली गेली. जून २०२० मध्ये सातनकुळम इथे पोलिसांच्या मारहाणीनंतर बाप-लेकाचा कोठडीत मृत्यू झाला, त्या प्रकरणात या स्वयंसेवकांवरही बोट उठलं आणि सरकारने योजनेवरच बंदी घातली. ठाण्यात तुमच्यासमोर काही गैर घडलं तर मैत्री राखायची म्हणून गप्प बसू नका.

या सगळ्याचं वेगळंच रूप गडचिरोलीत दिसतं. तिथल्या पोलीस दलाने दुर्गम भागातल्या ठाण्यांत ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू केली. दाखले, सरकारी योजनांचे अर्ज, तरुणांसाठी प्रशिक्षण अशी कामं या खिडकीतून होतात. आदिवासींना त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. मात्र जातीच्या दाखल्यासाठी माणसाला पोलीस ठाणं गाठावं लागतं, याचा अर्थ ज्या खात्यांचं हे काम ती तिथवर पोचलेली नाहीत, असाही होतो.

इतकं करूनही ठाण्यातून दाद मिळाली नाही तर? गुन्हा नोंदवून घेत नसतील तर संहितेच्या कलम १७३ मध्येच मार्ग दिला आहे : शहरात पोलीस उपायुक्तांकडे, जिल्ह्यात अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा, तरीही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून ही यंत्रणा आली. पोच घेतलेले ते सगळे कागद इथे उपयोगी पडतात.

ठाण्याची पायरी कधी चढलाच नसाल तर जानेवारीची संधी घ्या. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. तो दिवस पोलीस स्थापना दिन म्हणून पाळतात आणि त्या आठवड्यात अनेक ठाण्यांत विद्यार्थ्यांना, नागरिकांना बोलावून कामकाज दाखवतात. मुलांना शस्त्रं बघायची असतात, ती बघू द्या. तोवर तुम्ही बीट अंमलदाराचं नाव, गोपनीय शाखेचा फोन आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख लिहून घ्या.